पाठ करून ऐकणारी मावशी

मावशी वाजवणाऱ्यांकडे पाठ करून बसायची. ओट्यावरचा सीडी प्लेअर असो की ओळीने बसलेल्या दहा मुली, ही आपली भिंतीकडे तोंड करून, मांडीवर सूप घेऊन. हाताला काहीतरी काम हवंच. पावसाळ्यात भाजी निवडायची, हिवाळ्यात वालाच्या शेंगा सोलायची, काहीच नसलं तर निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई रुसून बसली आहे. मग वाजवताना कुठेतरी सूर घसरायचा आणि मावशीचे हात थांबायचे. मान वळायची नाही, तोंडातून शब्द निघायचा नाही. हात थांबले की चूक झाली. हात चालू आहेत तोवर ठीक चाललं आहे. मामला एवढा सरळ होता.

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना वैशाखरे लागतं. तिथली ही मावशी. शाळा चौथीपर्यंत. आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातलं, बरोक म्हणतात त्या काळातलं कॉन्चेर्तो नावाचं वाद्यसंगीत कुणी चांगलं वाजवलं आणि कुणी नुसतं वाजवलं, हे तिच्याइतकं स्पष्ट सांगणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. शहरातही नाही. हे वाचून ज्यांच्या भुवया वर गेल्या असतील, त्यांच्यासाठीच मी हे लिहिते आहे.

ती शिकली मुंबईत. व्हायोलिन शिकवणाऱ्या एका बाईंच्या घरी तिने तीस वर्षं धुणीभांडी केली. स्वयंपाकघरातलं बेसिन भिंतीला, शिकवणीची खोली बरोबर पाठीमागे, मधलं दार कायम उघडं. म्हणजे तीस वर्षं संगीत तिच्या पाठीवरच आलं. तिथे तिला सगळे मावशी म्हणत. मुंबईत कामवालीला मावशी म्हणायची रीत आहे, मावशीला बसायला खुर्ची द्यायची रीत नाही, असं एक वाक्य मी एकदा आमच्या संघटनेच्या पत्रकात घातलं होतं. मावशीने ते खोडायला लावलं.

"बाईंनी दिलेली गो खुर्ची. मीच नाय बसले. बसून आयकलं तर भांडी कोण घासनार?"

"पण मावशी, वाक्य चांगलं आहे."

"चांगलं हाय, पण खरं नाय. मग काय कामाचं?"

बाईंना तिच्या कानाचा पत्ता लागला तो भांड्यांमुळे. एक विद्यार्थी रोज एकाच जागी चुकायचा आणि रोज त्याच जागी स्वयंपाकघरातला घासण्याचा आवाज बंद पडायचा. दोन-तीन दिवस बाईंना वाटलं, नळाचं पाणी जात असेल. मग त्यांनी मुद्दाम दुसऱ्या विद्यार्थ्याला तोच भाग वाजवायला लावला. त्याने बरोबर वाजवला. भांडी चालू राहिली. त्या दिवशी बाई चहाचा कप स्वतः घेऊन आत आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, चूक कळली ती कशावरून?" ही म्हणाली, "धृपद घरी आलं नाय." पुढे त्या घरातले विद्यार्थी बाईंपेक्षा बेसिनला जास्त घाबरत. परीक्षेआधी मुलं येऊन विचारत, मावशी, आज भांडी किती वेळा थांबली?

धृपद घरी येणं म्हणजे काय, ते तिने मला नंतर समजावलं. कॉन्चेर्तोत एक जण पुढे होऊन वाजवतो, बाकीचे सगळे मिळून त्याला उत्तर देतात. त्या सगळ्यांचं एक ठरलेलं वळण असतं आणि ते पुन्हा पुन्हा येतं. आपल्याकडे एकजण गातो, बाकीचे झील धरतात, तसंच. "पयल्यांदा वाजतं ते माहेर," मावशी सांगायची. "मग पोरगी फिरत जाते. या गावाला, त्या गावाला. परत्येक गावात तेच धृपद, पन पानी येगळं. शेवटी ती माहेरी येते. आता बघ, सगळं हिंडून आलेल्या पोरीचं तोंड पयल्यासारखंच दिसेल का? शेवटचं धृपद पयल्यासारखंच वाजवलं, तर ती फिरलीच नाय." चांगल्या आणि नुसत्या वाजवण्यातला फरक तिच्या मते या शेवटच्या धृपदात कळायचा. मी पुढे जाडजूड इंग्रजी लेख वाचले. त्यांत जास्त शब्द होते.

बाकीचे दंडकही तिचेच. सुरावर उगाच बोट थरथरवलं की म्हणायची, "थंडी वाजते का ह्याला?" तोच तुकडा दोनदा आला तर दुसऱ्यांदा हलका हवा, समोरच्या कड्यावर आपटून परत आल्यासारखा, माळशेजच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईला पडसाद कुणी शिकवायला नको. आणि सगळ्यात कडक नियम खालच्या आवाजाला. चेलो, म्हणजे बसून गुडघ्यांत धरायचं जाड आवाजाचं मोठं व्हायोलिन, आणि हार्प्सिकॉर्ड, म्हणजे तारांची पेटी, जिचा आवाज सुपात तांदूळ पाखडल्यासारखा येतो. "खालच्यानं धावायचं नाय," ती म्हणायची. "वरच्याला पायजे तेवढं नाचू दे. पन खालचा धावला का सगळ्यांचा तोल गेला."

बाई वारल्या तेव्हा त्यांच्या भाचीने विचारलं, मावशी, आठवण म्हणून काय हवं? हिने तबकड्यांचं खोकं आणि सीडी प्लेअर मागितला आणि खोकं मांडीवर घेऊन गावी आली. शेजारणी बघायला आल्या. एवढ्या वर्षांनी परत आली, आणलं काय, तर वाजवायचं डबडं. मावशीने तबकडी लावली आणि सगळ्यांना चहा दिला. एक शेजारीण ऐकून म्हणाली, "हे तर भात लावतानाचं, आवनीचं गानं हाय. एक सांगते, बाकीच्या धरतात." मावशी मला हे सांगताना अजून खूश व्हायची. "एका चहात कळलं तिला. बाईंच्या पोरांना सा-सा महिने लागत."

माझी तिची गाठ पडली साकवामुळे. ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल, हवा म्हणून आमची संघटना सह्या गोळा करत होती. मी लिहिलेल्या पत्रकात अकरा मागण्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह. मी सही घ्यायला गेले तेव्हा मावशीच्या ओट्यावर व्हायोलिन वाजत होतं. मी मनात म्हटलं, घरातल्या कुणा पोराने लावून ठेवलंय वाटतं. तिने तबकडी थांबवली.

"वाच," ती म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

मी दणक्यात वाचायला लागले. दुसऱ्या वाक्याला तिचे हात थांबले ते शेवटपर्यंत हललेच नाहीत.

"काय गो, ह्यात सगळ्याच पुढं. झील कोन धरनार?"

"म्हणजे?"

"येकीनं सांगायचं, बाकीच्यांनी धरायचं. तू सगळ्यांना एकदम वरडायला लावलंस. येवढा आवाज झाला का कोनलाच काय आयकू येत नाय. तुला पायजे काय?"

"साकव."

"मग साकव म्हन. मग सांग कोन पडला, कधी पडला. मग परत साकव म्हन."

मला राग आला. घरी जाऊन मी त्या पत्रकाची अर्धी पानं फाडली ती रागानेच. नवीन पत्रकात एकच मागणी होती आणि ती चार वेळा आली, दर वेळी वेगळ्या माणसाच्या गोष्टीनंतर. जवळच्या टोकावड्याच्या बाजारात लोक ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचताना मी पहिल्यांदा पाहिले. पुढे साकव झाला. पत्रकामुळे झाला की निवडणूक आल्यामुळे, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. मावशीनेच खोटं वाक्य खोडायची सवय लावली आहे.

टोकावड्याला मुलींचं एक वसतिगृह आहे. मुरबाड आणि शहापूर या दोन्ही तालुक्यांतल्या पाड्यांवरच्या मुली तिथे राहून शिकतात. मुंबईच्या एका ट्रस्टने तिथे दोन वर्षांसाठी वाद्यं दिली: आठ व्हायोलिनं, एक चेलो आणि हार्प्सिकॉर्डचा आवाज काढणारा एक कीबोर्ड. शिकवायला शहापूरहून दर शनिवारी मोटरसायकलवर एक सर येत. दोन वर्षांनी परीक्षक येऊन ऐकणार, आणि वाद्यं ठेवायची की न्यायची ते ठरवणार, असा करार. मी सरांना मावशीबद्दल सांगितलं. त्यांनी मान डोलावली. माझ्यासारख्या कार्यकर्त्या पुष्कळ काय काय सांगतात, अशी ती मान होती. पहिल्या शनिवारी मावशी वर्गात आली, सरांना नमस्कार केला आणि मुलींकडे पाठ करून शेंगा सोलत बसली. दुसऱ्या शनिवारी सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "यांना दर आठवड्याला आणता येईल का?"

काजल सगळ्यांत पुढे वाजवायची. उंच, तडफदार, बोलायला मावशीइतकीच तिखट. आणि सगळ्यांत मागे निकिता, वर्गातली सगळ्यांत लहान. निकिताचा हात मधेच अडकायचा. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या जलद भागात एक जागा होती, तिथे ती हमखास मागे पडायची.

सरांनी निवडलेला कॉन्चेर्तो इटलीतला. त्यांनी मुलींना सांगितलं की व्हेनिस नावाच्या शहरात असं संगीत अनाथ मुलींच्या आश्रमात वाजायचं. मोठमोठे लोक ऐकायला येत, पण मुली वर सज्जात, जाळीच्या आड. ऐकणाऱ्यांना त्या दिसत नसत.

मी लगेच पेटले. जाळीआड म्हणजे कोंडलेल्याच की. मावशी शेंग सोलत म्हणाली, "वाईट झालं. पन येक बरं झालं. कोनी त्यांच्या फ्रॉककडं बघून मार्क नसतील दिले."

तेव्हा मला तो नुसता शेरा वाटला.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी माझा पराक्रम केला. वाद्यं जाऊ नयेत म्हणून पत्रक काढलं. मथळा: चिखलातल्या हातांत व्हायोलिन. अनवाणी पाय, गळकी छपरं, आईबापांचे घट्टे, सगळं त्यात होतं. ट्रस्टच्या कार्यालयात पोस्टाने पाठवलंसुद्धा. मग मावशीला वाचून दाखवलं. तिचे हात पहिल्याच ओळीला थांबले.

"हे कोनाचं हाय?"

"आपल्या पोरींचं."

"ह्यात वाजवनं कुठं हाय?"

तिने सूप बाजूला ठेवलं. हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "काजल कशी वाजवते ते लिव्हलंस का? नाय. तिची चप्पल लिव्हलीस. आमी दोन वर्सं तिला सूर शिकवला आनि तू तिला हात पसरायला लावलंस."

परीक्षा शहापूरला, एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. मावशी शेंगांची पिशवी आणि सूप घेऊन निघाली तेव्हा मी हळूच म्हटलं, "हॉलमध्ये शेंगा नको ना मावशी. बरं दिसत नाही."

"कोनाला?"

शेंगा आल्या. मावशीने पहिल्या रांगेतली खुर्ची उचलली, फिरवली आणि मंचाकडे पाठ करून बसली. त्यामुळे झालं काय, की तिचं तोंड थेट मागच्या टेबलाशी बसलेल्या तीन परीक्षकांकडे आलं. त्यांतले मधले गृहस्थ ट्रस्टचे प्रमुख. त्यांच्या एका बाजूला स्वतः व्हायोलिन वाजवणाऱ्या एक बाई, दुसऱ्या बाजूला वहीत लिहून घेणारा एक तरुण.

मुलींनी वाजवलं. पहिला भाग स्वच्छ गेला. दुसऱ्या, संथ भागात काजल एकटी इतकी सुंदर वाजवत होती की मला पत्रकातली एकेक ओळ आठवून लाज वाटत होती. तिसरा भाग उसळत निघाला आणि त्या ठरलेल्या जागी निकिता अडकली. मग जे झालं ते फक्त आमच्याच मुलींकडून होऊ शकतं. काजलने ऐकलं की निकिता मागे राहिली, आणि ती थांबली. शेजारच्या थांबल्या. अख्खी ओळ एका मुलीसाठी ताटकळत उभी राहिली, निकिता येऊन मिळाली, आणि सगळ्या पुन्हा निघाल्या. मावशीचे हात शेंगेवर थिजले होते.

टाळ्या झाल्या. प्रमुख उठले. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं.

"आज इथे घडलं ते संगीताच्या पलीकडचं आहे," ते म्हणाले. "चिखलातल्या या हातांनी एवढं वाजवलं, हेच खूप आहे. चूकबीक आम्ही बघणारच नाही." आवाज खरंच भरून आला होता, माणूस वाईट नव्हता. "पण मला प्रश्न पडतो, या परक्या संगीताचं ओझं मुलींवर का टाकायचं? ही वाद्यं आम्ही शहरातल्या दुसऱ्या वर्गाला देऊ. इथे तुमच्या मातीतली वाद्यं देऊ. टाळ, ढोलकी. मुली जास्त आनंदाने वाजवतील."

काजलने व्हायोलिन छातीशी धरलं. माझं वाक्य वाचून त्यांना गहिवर आला होता आणि त्याच गहिवरात ते वाद्यं उचलून नेत होते. मी उठले. घोषणा तोंडात तयार होती.

"तू बस गो," मावशी म्हणाली. ती स्वतः उभी राहिली, पदरात सालं तशीच. "सायेब, तुमी आयकलं कधी?"

"आजी, आम्ही आत्ताच..."

"तुमी बघत होता. मी तुमच्याकडंच तोंड करून बसलेले, मी बघितलं. तिसऱ्या भागात पोरी थांबल्या, तवा तुमी तिघं हसलात. गोड वाटलं तुमाला. ती चूक हाय. येवढी मोठी चूक, आनि तुमी मान डोलवलीत. तुमच्या मुंबईच्या पोरांनी केली असती तर डोलवली असती?"

प्रमुखांनी पत्रक टेबलावर ठेवलं.

"ढोलकी आमाला येते," मावशी म्हणाली. "ती द्यायला तुमी कशाला पायजे? हे पोरी शिकल्यात ते आयका. खुर्च्या फिरवा, तोंड भिंतीकडं करा, आनि परत आयका. मग वाईट वाटलं तर घेऊन जा पेट्या. मी सोता गाडीत ठेवते."

सर कपाळाला हात लावून बसले. प्रमुख काही बोलणार तोच त्यांच्या बाजूच्या परीक्षक बाई उठल्या. त्यांनी आपली खुर्ची उचलली आणि भिंतीकडे फिरवली. बसता बसता विचारलं, "तुम्ही शिकलात कुठे?"

"बेशिनशी," मावशी म्हणाली.

मावशीने पाच मिनिटं मागून घेतली आणि मंचावर चढली. मी मागून गेले. मला वाटलं, मुलींची पाठ थोपटणार.

"आवनीत येक जन मागं पडली तर ओळ थांबते का गो?"

आवणी म्हणजे भाताची रोपं लावणं. बायका ओळीने वाकून, मागे मागे सरकत लावत जातात. प्रत्येकीच्या पुढ्यात तिच्या वाट्याची पट्टी. दहाच्या दहा मुलींनी ती केलेली.

"नाय," काजल म्हणाली.

"मग काय करता?"

"शेजारची हात लांबवते. तिच्या पट्टीत दोन मुठी आपन लावतो. तवर ती येते."

"मग वाजवताना का थांबलात?"

"तिला सोडून कसं जायचं मावशी?"

"सोडून कोन सांगतंय? तिचं पन वाजवा, आनि चालू ऱ्हावा. गाणं उभं ठेवून कोनाला सांभाळतात काय? आनि निक्के, तू अडकलीस का रडू नको, पुढच्या जागेवर जाऊन उभी ऱ्हा. त्या येतायत."

तिघा परीक्षकांच्या पाठी आमच्याकडे. मावशीने आपली खुर्ची होती तशीच ठेवली, त्यामुळे आता मुलींना सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. तिसरा भाग आला. निकिता त्याच जागी अडकली. आणि मी ऐकलं, मला खरंच ऐकू आलं, की तिच्या दोन्ही बाजूंच्या मुलींनी आवाज किंचित भरला, जेवढी ती कमी झाली तेवढाच. निकिता चार सूर पुढे जाऊन उभी होती. ओळ तिच्यापर्यंत आली आणि तिला घेऊन निघाली. मावशीच्या बोटांतून वालाचे दाणे टपटप सुपात पडत होते.

टाळ्या नाहीत. परीक्षक बाईंनी कागद मागितला आणि बसून लिहिलं. मग वाचून दाखवलं. चार चुका. पुढे वाजवणाऱ्या मुलीचा गज पहिल्या भागात तारेवर घासतो. संथ भागात नक्षी जास्त झाली. पडसादाची जागा पुरेशी हलकी नाही. शेवटचं धृपद पहिल्यासारखंच वाजलं. खाली एक ओळ: तिसऱ्या भागात एक वादक गळाली आणि इतरांनी तिला उचललं असावं, पण ते मला खात्रीने सांगता येत नाही इतकं बेमालूम झालं; वाद्यं इथेच राहावीत.

प्रमुखांनी माझं पत्रक घडी करून खिशात घातलं. "आजी, माझं चुकलं," ते म्हणाले. मावशी म्हणाली, "तुमचं नाय. कागद आमच्या पोरीचा व्हता." आमच्या पोरीचा. मी खाली बघितलं.

तो चार चुकांचा कागद वर्गात भिंतीवर लावला आहे. सरस्वतीच्या तसबिरीशेजारी. कौतुकाची प्रमाणपत्रं नंतर पुष्कळ आली. ती कपाटात आहेत.

परतताना जीपमध्ये मावशी म्हणाली, "बाई बरी व्हती. पन पाचवी चूक तिला नाय सापडली."

"कोणती?"

"काजल पयल्यांदा माझ्या कोपराकडं बघून वाजवत व्हती. हात चालू हाय का थांबला. आयकायचं सोडून म्हातारीकडं बघते. ही माझी चूक."

पुढच्या शनिवारपासून ती वर्गात बसेना. सूप घेऊन बाहेर पडवीत, भिंतीच्या पलीकडे. मुलींना तिचे हात दिसेनासे झाले. पहिले काही आठवडे त्या बावरल्या. वाजवून झालं की पळत बाहेर यायच्या: मावशी, कुठं थांबलीस? मावशी उलट विचारायची, "तुमाला कुठं वाटलं?" चुकीचं सांगितलं तर मान हलवायची, बरोबर सांगितलं तर मूठभर शेंगा द्यायची. हळूहळू मुली आपसातच भांडू लागल्या, कोण कुठे घसरली यावर. मावशी पडवीत बसून ती भांडणं ऐकायची. मला वाटतं, शेवटी शेवटी तिला तेच जास्त आवडायचं.

गेल्या भाद्रपदात मावशी गेली. दोन दिवसांचा ताप. टोकावड्याच्या शाळेत शोकसभा झाली. शेजारणी आल्या, सर आले, तालुक्याचे दोन पुढारीही आले, ज्यांनी तिच्या हयातीत तिला कधी ऐकलं नव्हतं. एका पुढाऱ्याने भाषणात तिला ‘निरक्षर असूनही’ असं म्हटलं. मी जागेवरून मोठ्याने सांगितलं, चौथी पास. मग मुलींनी तोच इटलीचा कॉन्चेर्तो वाजवला. काजल आता कॉलेजात आहे, मुद्दाम आली होती. निकिता आता चेलो वाजवते. मावशीनेच सरांना सुचवलं होतं, ही पोरगी वाट बघायला शिकलीय, हिला खाली बसवा.

मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. माझ्या हातात काही नव्हतं. शेवटचं धृपद आलं ते सगळं हिंडून आलेलं, तोंड बदललेलं. मावशीने ऐकायला हवं होतं. पण त्याआधी, संथ भागात, खालचा आवाज धावला होता. थोडाच. चेलो काजलच्या पुढे निघून गेला आणि दोन-तीन सूर तोल गेला.

सभा संपल्यावर लोक मुलींभोवती जमले. किती छान, डोळ्यांत पाणी आणलंत, मावशी वरून ऐकत असेल. पुढाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवले. मुली मान खाली घालून हो हो म्हणत होत्या. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले आणि मागे गेले. आजच्या दिवशी सांगायचं? त्या रडत वाजवत होत्या. आणि मग मला सूप बाजूला ठेवणारी मावशी आठवली.

गर्दी पांगली. निकिता चेलो पेटीत ठेवत होती.

"निकिता," मी म्हटलं, "दुसऱ्या भागात खालचा धावला."

बाकीच्या मुली बघतच राहिल्या. निकिताने पेटीची कडी लावली, नाक पुसलं आणि वर पाहिलं.

"हा ताई. रडू यायच्या आत संपवायचं व्हतं, म्हनून धावले." मग काजलकडे बघून म्हणाली, "बघ, मी बोलले व्हते ना, कोनतरी सांगेल. कवाधरनं वाट बघतेय."